ज्यांचा इलाज मी केला नव्हता

मी कित्येक वर्षं दाल-बाफल्यांच्या जेवणाला निघण्यापूर्वी अँटिबायोटिकची एक गोळी घेत आलो. पोट बिघडलेलं नसायचं. बिघडू नये म्हणून घ्यायचो.

ज्यांनी बाफला पाहिलेला नाही त्यांना या चुकीची खोली कळायची नाही. कणकेचा मूठभर गोळा आधी उकडायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवून ठेवायचा, असा तो पदार्थ. उज्जैनमध्ये साखरपुडा असो, वास्तुशांत असो की कुणाची निवृत्ती, जेवण दाल-बाफल्यांचंच. वाढणारा ताटावर वाकून ‘एक और, भिया’ म्हणतो आणि तुमचं उत्तर ऐकायच्या आत बाफला फोडून वर तूप ओततो. मी नाही म्हणणाऱ्यातला नव्हतो. इथल्या मराठी मंडळींत माझ्या खाण्याचं नाव होतं. ते राखायचं तर बंदोबस्त हवा. एकदा एका लग्नाला मी गोळी घेऊन गेलो, दुसऱ्या दिवशी अर्ध्या वऱ्हाडाचं पोट बिघडलं आणि माझं नाही. झालं, त्या दिवसापासून मी शास्त्रज्ञ झालो.

मग पाकिटात गोळ्यांचा कायमचा पत्ता आला. गोळी पिवळी होती, म्हणून घरात तिचं नाव पिवळी. मी पायरी चढताना दिसलो की मेडिकलवाला पत्ता काढून काउंटरवर ठेवायचा. चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही, मीही दाखवली नाही. खोकला झाला, पिवळी. दाढ दुखली, पिवळी. मी वीज खात्यात बाबू आहे. लोक माझ्या टेबलाशी बिलाची तक्रार घेऊन यायचे आणि गोळी घेऊन जायचे. बायको शैला आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा अमेय हे तर माझे हक्काचे पेशंट.

फक्त एका घरात माझी प्रॅक्टिस चालली नाही. नानाखेड्याला माझा मोठा भाऊ राहायचा. दादा रेल्वेत बुकिंगला होता, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्याला आणि वहिनीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लहानपणी जो माझा लाड झाला तो माझे केस पिकले तरी चालूच होता. दादा म्हणायचा, ‘नंदू, आधी पोट बिघडू तरी दे.’ वहिनी मला धन्वंतरी म्हणायची आणि मी दिलेली गोळी माझ्यादेखत केरात टाकायची.

दादा यंदा गेला. माझं आजारपण आणि त्याचं जाणं एकमेकांत इतकं गुंतलंय की एक सांगून दुसरं झाकून ठेवता येत नाही. ज्यांना माझा आजार झाला असेल त्यांनी यातून कामाचं तेवढं उचलावं.

कब्ज़ा

हिवाळ्यात मला खोकला झाला. या वेळी पिवळीने आराम पडेना, म्हणून मी स्वतःच बढती देऊन तिच्याहून जोरदार गोळी आणली. खोकला गेला. पोट सुरू झालं.

सुरू झालं ते थांबेना. मी पुन्हा पिवळी घेतली. मग जुलाब बंद व्हायची गोळी घेतली, जी या आजारात घेऊ नये असं मला पुढे सांगण्यात आलं. ऑफिसात मी टेबल सरकवत सरकवत संडासाच्या दाराशी नेलं. पँट कमरेवर राहीना तेव्हा पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडली आणि लोकांना सांगितलं की डाएट चाललंय. शेवटी एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर चक्कर येऊन पडलो. शैलाने दादाला फोन केला. तो बनियनवरच आला, मला लहान मुलासारखं उचललं आणि गाडीत घातलं. मला त्या वेळी लाज वाटली होती. आज आठवतो तो त्याच्या दंडाचा कणखरपणा.

इंदूरच्या अस्पतालात तपासण्या झाल्या आणि पोटाच्या डॉक्टरबाईंनी विचारलं की याआधी कोणकोणती औषधं घेतलीत. मी पडल्यापडल्या व्याख्यान दिलं. पिवळीचा इतिहास, तिचे उपयोग, लग्नातला तो प्रयोग, सगळं. बाईंनी मध्येच पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी शाळेत शिकून विसरलो होतो. आपल्या आतड्यात अगणित जीवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या भल्याचे असतात. ते अन्न पचवायला मदत करतात, आतड्याचं अस्तर सांभाळतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, म्हणून वाईटांना पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी हे सगळे गुण्यागोविंदाने राहणारे रहिवासी गोळ्या घालून हुसकून लावले होते.

“आपने पूरी कॉलोनी खाली करवा दी,” बाई म्हणाल्या. “खाली प्लॉट देखा तो एक गुंडे ने कब्ज़ा कर लिया. और वो पुलिस से डरता भी नहीं. आपकी पुलिस तो रोज़ आती थी, उसे आदत हो गई.”

त्या गुंडाचं नाव क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल. डॉक्टर लोक लाडाने सी-डिफ म्हणतात. दादा माझ्या पायाशी उभा होता. प्लॉटचं ऐकून त्याला हसू फुटलं, कारण नानाखेड्याला त्यांच्या गल्लीत तेव्हा असाच एक प्लॉट कुणीतरी बळकावला होता. मग त्याने माझा चेहरा पाहिला. हसणं बंद करून माझी चादर नीट केली.

दाराबाहेरचा खोकला

मला वेगळी खोली मिळाली. दारावर पाटी लागली की आत येताना झगा आणि हातमोजे घालावेत, बाहेर पडताना साबणाने हात धुवावेत. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो: हातावर चोळायचं ते अल्कोहोलचं पाणी या जंतूला लागू पडत नाही. साबण, पाणी आणि भरपूर चोळणं. घरचा संडास ब्लीचने धुवायचा. माझ्या घरी हे काम शैलाने केलं.

अस्पतालात माणूस सगळ्यात आधी लाज गमावतो आणि मग तिच्यावाचून त्याला करमत नाही. माझ्या खोलीवर एक सिस्टर होती. ती दार ढकलण्यापूर्वी बाहेर उभी राहून खोकायची. मला वाटायचं हिला दमा आहे. मग लक्षात आलं की ती मला पांघरूण ओढून घ्यायला, कमोडवर असलो तर धोतरासारखं काहीतरी गुंडाळून घ्यायला वेळ देतेय. त्या खोकल्याइतकी माझी अदब आजवर कुणी राखलेली नाही.

औषधाने बरं वाटलं, घरी आलो, आणि आजार परत आला. पुन्हा औषध, पुन्हा बरा, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला मला खरी भीती वाटली. मरणाची नव्हे, असंच जगावं लागेल याची. टावर चौकात भाजी आणायला जायचं तर आधी वाटेतले ओळखीचे संडास मनात मांडायचे. अमेयचा फोन आला की शैला बाजूला जाऊन बोलायची.

ब्लीचने तिच्या बोटांची सालं निघत होती. एक दिवस ती बाथरूम घासून बाहेर आली, ब्रश टाकला आणि म्हणाली, “मी तुमच्याशी लग्न केलं होतं, तुमच्या संडासाशी नाही.” आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पण मला आत जायचं होतं. मी पायजम्याची नाडी मुठीत धरून उभा राहिलो, ती रडतेय आणि मी पाय बदलतोय. शेवटी तीच उठून बाजूला झाली.

निरोगी माणूस पाहिजे

डॉक्टरबाईंनी मग नवा उपाय काढला. कॉलनी गुंडाच्या हातून सोडवायची तर तिथे पुन्हा माणसं वसवायला हवीत. म्हणजे एखाद्या निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, नळीने माझ्या आतड्यात सोडायची. त्यातले जीवाणू तिथे घर करतील.

मी आयुष्यभर काहीही खाल्लं, पण हे ऐकून मला ओकारी आली. बाई शांतपणे म्हणाल्या की तोंडाने द्यायचं नाहीये.

देणारा माणूस घरातला असला तर सोयीचं. त्याचं आरोग्य चांगलं हवं आणि गेल्या काही महिन्यांत त्याने अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. मी शैलाकडे पाहिलं. शैला माझ्याकडे पाहत होती. गणपतीनंतर तिला दाढेसाठी मीच दिली होती. अमेयला दिवाळीला निघताना अख्खा पत्ता बांधून दिला होता आणि त्याने तो इमानाने संपवला होता. ऑफिसातले दोघे मित्र तयार होते, तेही माझेच पेशंट निघाले.

बाईंनी चष्मा काढला. “घर में कोई ऐसा है,” त्यांनी विचारलं, “जिसका इलाज आपने न किया हो?”

दादा खुर्चीतून उठला.

उज्जैनहून इंदूरला आम्ही एकाच गाडीने गेलो, त्याच्या तपासण्यांना. दादा वाटभर मजेत होता. “लहानपणी माझे उतरलेले सदरे घातलेस,” तो म्हणाला, “पुस्तकं वापरलीस, सायकल वापरलीस. म्हटलं आता तरी तुला माझं काही जुनं लागणार नाही.” मी हसता हसता गाडी थांबवायला सांगितलं आणि ढाब्याच्या मागे पळालो. परत आलो तर तो माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडून उभा. जरासा दम लागलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाला, हल्ली लागतो, वय झालं.

वय नव्हतं. त्याच्या रक्तात काहीतरी कमी होतं आणि विष्ठेत, डोळ्यांना न दिसणारं, रक्त होतं. मग त्याला आत घेऊन दुर्बिणीने पाहिलं, पोटाचे फोटो काढले. रिपोर्ट आले त्या दिवशी आम्ही चौघं बाईंच्या केबिनमध्ये होतो: दादा, वहिनी, शैला आणि मी. बाईंनी त्या दिवशी कुठलीही उपमा दिली नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला.

दादानेच तोंड उघडलं.

“म्हणजे माझा माल रिजेक्ट,” तो म्हणाला.

त्याला बाईंना हसवायचं होतं. त्या हसल्या नाहीत, तेव्हा त्याला समजलं की किती वाईट आहे. त्याने वहिनीचा हात शोधला. मी तिथून उठून संडासात गेलो. या खेपेला पोटासाठी नाही.

मी बाईंना पुढे एकटं गाठून विचारलं होतं की लवकर कळलं असतं तर. त्या म्हणाल्या, वर्ष-दीड वर्ष आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी असती. तेव्हापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्यामुळे दादाची तपासणी झाली. मी आणखी थोडा आधी मूर्खपणा केला असता, चार पिवळ्या जास्त खाल्ल्या असत्या, वर्षभर आधी पडलो असतो, तर तो वाचला असता. जन्मभर माझा मूर्खपणा वेळेच्या आधी हजर असायचा. नेमका एकदा उशिरा पोचला.

फुटपाथवरून

दादाची केमो सुरू झाली आणि डॉक्टरांनी मला त्याच्याजवळ जायची मनाई केली. केमोने शरीराची ताकद खाली येते. अशा माणसाला माझ्या पोटातल्या गुंडाने गाठलं तर तो त्याला पुरा करील. मी बरा होईपर्यंत दादाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, त्याचा संडास वापरायचा नाही, त्याला हात लावायचा नाही.

हे मी नीट सांगतो, कारण माझ्या आजारपणातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच होतं. बाकी सगळं पोटात दुखत होतं. आम्ही राहतो त्या फ्रीगंजपासून नानाखेडा ऑटोने किती लांब? बसल्याबसल्या येतं. आणि माझा भाऊ तिथे पडून होता, आणि मी जाऊ शकत नव्हतो, कारण मी लग्नाच्या पंगतीत चार बाफले जास्त खाण्यासाठी औषधं खाल्ली होती.

तो फोन करायचा. स्वतःच्या उलट्यांबद्दल अवाक्षर नाही, माझीच चौकशी. आज किती वेळा? पाणी पितोस ना? आणि शेवटी नेहमी, “मग कधी येतोस?” मी म्हणायचो, लवकरच. डॉक्टर त्याच्या बाबतीत काय बोलले ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वेळ थोडा होता आणि त्यातला रोजचा एक दिवस माझं पोट खात होतं.

एका सकाळी मला राहवेना. शैलाला न सांगता ऑटो केली आणि त्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. फोन केला. दादा वहिनीच्या आधाराने गॅलरीत आला. डोक्यावर माझीच माकडटोपी, अंगावर स्वेटर, दोन्ही त्याला मोठी झालेली. मी खाली, तो वर, दोघांच्या कानाला फोन. मी ठरवून गेलो होतो की त्याला हसवायचं. ऑफिसातला एक किस्सा सांगायला घेतला. तो कठड्यावर हात टेकून ऐकत होता, हसायच्या तयारीत.

किस्सा अर्ध्यावर आला आणि माझ्या पोटात कळ उठली. वर जायला बंदी. मी म्हणालो, दादा, एक मिनिट, आणि ऑटोकडे धावलो. पोचलो नाही.

ऑटोवाल्याला सगळं दिसत होतं. मी म्हणालो, भिया, मी पायी जातो. त्याने मागच्या सीटवर अख्खा पेपर पसरला आणि म्हणाला, “बैठो बाबूजी, सबके घर में बीमारी है.” निघताना मी वर पाहिलं नाही. घरी येऊन आंघोळ करून बसलो तोच दादाचा फोन आला.

“पोचलास?” एवढंच विचारलं. मग म्हणाला, “पुढे काय झालं त्या किश्श्यात?”

मी पुढचं सांगितलं. तो हसला. किस्सा तितका चांगला नव्हता.

वहिनी

दोन दिवसांत वहिनीचा फोन आला. वहिनी शाळेत शिकवायची, अजूनही बोलते ती फळ्यासमोर उभं राहून बोलल्यासारखी. तिने डॉक्टरबाईंशी परस्पर बोलून स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळं स्वच्छ निघालं होतं. माझी एकही गोळी तिच्या पोटात गेलेली नव्हती.

“भावजी, मी देते,” ती म्हणाली.

मी कॉलेजात होतो तेव्हा ती लग्न होऊन आली. पाडव्याला आणि दसऱ्याला मी तिच्या पाया पडतो. तिच्यासमोर मी कधी पाय पसरून बसलो नाही. आणि आता हे. मी त-त-प-प करत म्हणालो की वहिनी, तुम्ही आत्ता दादाचं बघा, माझ्यासाठी कशाला.

“तुमच्यासाठी नाही करत. ते रोज विचारतात नंदू कधी येणार. मला त्यांना तारीख सांगायचीय.”

दादा त्या वेळी केमोसाठी त्याच अस्पतालात वरच्या मजल्यावर भरती होता. ठरल्या दिवशी वहिनी सकाळी त्याचा चहा करून, त्याचं तोंड पुसून, अस्पतालाने दिलेला डबा कापडी पिशवीत घालून लिफ्टने खाली माझ्या खोलीत आली. पिशवी तीच होती जिच्यातून ती इतकी वर्षं माझ्यासाठी अनारसे आणि चकल्या आणायची. तिने ती सिस्टरच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा मी या रीतीविषयी काही बोललो नाही.

प्रक्रियेचं सांगण्यासारखं काही नाही. गुंगी देतात, उठतो तेव्हा झालेलं असतं. ज्यांना किळस वाटतेय त्यांना इतकंच सांगतो की आजारात ज्या किळसा तुम्ही आधीच गिळल्या आहेत त्यांच्या मानाने ही फार स्वच्छ, फार सोपी गोष्ट आहे. लाजेपायी लांबवू नका. मी थोडे दिवस लांबवलं. ते दिवस मला आता परत हवे आहेत.

आठवडाभरात पोट शांत झालं. एका सकाळी मी बाथरूममधून बाहेर आलो आणि शैलाला म्हणालो की आत येऊन बघ. तिने हात जोडले, म्हणाली, तुमच्यावर विश्वास आहे. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून हसलो, आणि हसता हसता ती माझ्या छातीवर डोकं ठेवून रडली. मी दादाला फोन केला. फोन वहिनीने उचलला. तिने सांगितलं की केमो थांबवलीय, यकृत साथ देत नाहीये, आज घरी नेताहेत.

डॉक्टरबाई म्हणाल्या की आता जायला हरकत नाही. ही परवानगी मला का मिळाली ते माझ्या उशिरा लक्षात आलं. मी बरा झालो म्हणून, हे अर्धं. आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे बाकीचं अर्धं.

नानाखेड्याला

दारातच वहिनीने मला थांबवलं. बादली, साबण, कोपरापर्यंत हात. ती पाहत उभी होती. मग बाजूला झाली.

पलंगावर दादा फार कमी जागा व्यापत होता. पोट तेवढं पाण्याने फुगलेलं. मला पाहून म्हणाला, “ये रे, तब्येतवान.” मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याचा हात माझ्या हातात घेतला. त्याला बरंच काही सांगायचं ठरवून आलो होतो. काहीही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

मी ऑफिसातून रजा घेतली आणि तिथेच राहिलो. दादाचं सगळं मीच केलं. या एका कामात मी खरोखर तरबेज झालो होतो. कुशीवर कसं वळवावं, खालची चादर कशी सरकवावी, पाणी किती कोमट हवं, आणि आत जायच्या आधी दाराबाहेर उभं राहून कसं खोकावं. पहिल्यांदा मी खोकलो तेव्हा आतून दादाचा बारीक आवाज आला, “नंदू, पुन्हा पिवळी घ्यायला लागू नकोस हं.” मी तसाच बाहेर उभा राहिलो. आत जायला जरा वेळ लागला.

त्याला काही खाववत नव्हतं. पण दुसऱ्याने खाल्लेलं पाहायला आवडायचं. एका सकाळी त्याने वहिनीला माझ्यासाठी पोहे करायला लावले. मी तोवर भीतीने ताक-भाताच्या पुढे गेलो नव्हतो. त्याच्या उशाशी बसून मी घास घास खाल्ला आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मिरची आहे का? लिंबू पिळलंय? शेव कोणती घातलीय, बारीक की जाडी? मी प्रत्येक घासाचं वर्णन केलं. बशी संपली तेव्हा तो थकून म्हणाला, “छान झाले होते.”

मग तो बोलायचा कमी झाला. एकदा डोळे मिटूनच म्हणाला की हिच्याकडे लक्ष ठेव. मी हो म्हणालो. बहुधा त्याने वहिनीलाही माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं, कारण तेव्हापासून ती माझ्या ताटाकडे पाहायला लागली.

तो गेला तेव्हा बाहेर दूधवाल्याची हाक आली होती आणि वहिनी पातेलं घेऊन दारात होती. माझा हात त्याच्या कपाळावर होता. इतक्या हळू गेला की मला कळायला वेळ लागला. अग्नी मी दिला. पुढचे सगळे विधी क्षिप्रेच्या काठी मीच केले. पोटाने एकदाही त्रास दिला नाही. त्याचं मला इतकं वाईट वाटलं. वाटलं, आता कशाला नीट चालतंयस.

तेराव्याला माणसं जेवायला आली होती. वरण-भात, जिलबी, सगळं रीतीप्रमाणे. मला समोर बसवलं. मी भाताचा पहिला घास कालवला आणि तो वर नेता येईना. ताटावर वाकून मी रडायला लागलो, चारचौघांत, आवाज करून. शैला उठली, कुणीतरी पाणी आणलं, कुणी म्हणालं राहू द्या, त्यांना आत न्या. मी काहीतरी बरळत होतो की त्याच्या जागी मी जायला हवं होतं, मीच लायक होतो.

वहिनी आतून तुपाची वाटी घेऊन आली. तिने माझ्या भातावर तूप घातलं आणि माझ्यासमोर बसली. तेरा दिवसांत ती माझ्यादेखत रडली नव्हती, तेव्हाही रडत नव्हती.

“खरंय तुमचं,” ती म्हणाली. “दोघांतला कुठला ठेवायचा असं मला कुणी विचारलं असतं, तर मी तुम्हाला ठेवलं नसतं, भावजी. आता राहिलाच आहात, तर जेवा.”